काळी एक

मैफल सुरू होण्यापूर्वीचा काही मिनिटांचा अवकाश मोठा बोलका असतो. तानपुरे गवसणीतून बाहेर निघतात, खुंट्या कुरकुरतात, तबलजी गजऱ्यावर हातोडी मारीत तबला सुरात आणीत असतो. गायकाने अजून तोंडातून स्वर काढलेला नसतो, तोच साथीदारांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात विचारतो, ‘पट्टी कोणती?’ उत्तर येते, ‘काळी एक.’ गाणारी स्त्री असेल तर बहुधा काळी चार किंवा काळी पाच. एवढ्या दोन शब्दांवर सगळ्यांचे षड्ज जुळतात. ही ‘काळी’ म्हणजे पेटीची काळी पट्टी, हे विचारणाऱ्याच्या वा सांगणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. तानपुऱ्याला पट्ट्या नसतात, सारंगीला नसतात, गळ्याला तर नसतातच. तरीही ज्या गवयांनी पेटीला जन्मभर बेसुरी ठरवले, त्यांनाही स्वतःच्या आवाजाचा ठावठिकाणा सांगताना त्या बेसुऱ्या वाद्याचीच परिभाषा जवळ करावी लागली. हिंदुस्थानी संगीताच्या अलीकडच्या इतिहासात इतकी बोलकी विसंगती क्वचितच सापडेल.

बेसुरी ठरवण्याचे काम केवळ बैठकीतल्या गप्पांपुरते राहिले नव्हते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी झाली, आणि ही बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, त्याची फाळणी झाली, रेडिओचे धनी बदलले, नभोवाणीची आकाशवाणी झाली. पेटी मात्र दाराबाहेरच राहिली.

या बंदीची वैचारिक पूर्वतयारी ज्यांनी केली त्यांत एका इंग्रज संगीतकाराचे नाव ठळक आहे. जॉन फोल्ड्स हा मँचेस्टरचा. पहिल्या महायुद्धात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ त्याने रचलेली ‘अ वर्ल्ड रेक्वियम’ ही भव्य रचना १९२३ पासून काही वर्षे लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये युद्धविरामदिनी सादर होत असे. पाश्चात्त्य सप्तकातील अर्ध्या स्वराचेही दोन भाग करून ते स्वर आपल्या रचनांत योजण्याचे धाडस त्याने फार लवकर केले होते. त्याची पत्नी मॉड मॅकार्थी ही व्हायोलिनवादक; तिने भारतात राहून येथील संगीताचा अभ्यास केला होता. १९३५ मध्ये हे कुटुंब भारतात आले आणि १९३७ मध्ये फोल्ड्स दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी ‘इंडियन लिसनर’ या रेडिओच्या पाक्षिकात त्याने हार्मोनियमवर जळजळीत लेख लिहिला. शीर्षकातच इजा या अर्थाच्या ‘हार्म’ या इंग्रजी शब्दावर श्लेष साधलेला होता. बंदीचा दिवस पाहायला मात्र तो जगला नाही. एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने त्याचा अंत झाला.

फोल्ड्सचा हेतू निर्मळ होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या देशाच्या गाण्यावर त्याचे मनापासून प्रेम होते. पण याच फोल्ड्सने दिल्लीत देशी वाद्यांचा एक मेळ उभा केला होता आणि त्यातील वादकांना कागदावर लिहिलेल्या संगीतावरून वाजवायला शिकवले होते. परकी पेटी नको, पण परकी स्वरलिपी चालेल, असा हा न्याय. आपल्याकडील सुधारकांतही असा न्याय काही कमी आढळत नाही.

तो एकटाही नव्हता. आनंद कुमारस्वामींनी स्वदेशीच्या काळातच या वाद्यावर कोरडे ओढले होते. फॉक्स स्ट्रँगवेज या इंग्रज अभ्यासकाने १९१४ च्या आपल्या हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथात तेच केले. आणि जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राच्या संचालकांना पत्र लिहून पेटी हद्दपार करण्याच्या कल्पनेला आपला आशीर्वाद दिला; शांतिनिकेतनातून तर त्यांनी ती आधीच घालवली होती. गुरुदेवांचा शब्द आणि साहेबाचा हुकूम एकाच बाजूला येण्याचे प्रसंग त्या काळात फार नव्हते. हा त्यांतला एक.

आक्षेप खोटा होता काय? मुळीच नाही. पेटीचा स्वर ज्या पितळी पातीतून निघतो, ती पाती एकच स्वर जाणते. तो स्वर लांबवता येतो, लहानमोठा करता येतो, पण पुढच्या स्वराकडे ओढून नेता येत नाही. म्हणजे मींड गेली. दरबारी कानड्याचा कोमल गंधार ज्या संथ आंदोलनावर जगतो, ते आंदोलनही गेले. दुसरी अडचण सूक्ष्म, पण तितकीच खरी. युरोपात सप्तकाचे बारा समान भाग करण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात जवळजवळ प्रत्येक स्वर आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडा ढळतो. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले, तर षड्जाशी संवाद साधणारा शुद्ध गंधार तीनशे शहाऐंशीच्या आसपास येतो आणि समभागी पेटीचा गंधार चारशेवर. हा चौदा भागांचा फरक रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणार नाही. पण जवारी चांगली लागलेल्या तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप निनादतो, त्याच्या शेजारी पेटीचा गंधार ठेवला की डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे होते. ज्यांचे कान तयार होते त्यांना हे सहन होत नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते.

तथापि, या तक्रारीत दुसरी एक तक्रार बेमालूम मिसळून गेली होती. पेटी सदोष आहे असे म्हणणे वेगळे आणि पेटी परकी आहे असे म्हणणे वेगळे. पहिल्या म्हणण्याचा निवाडा कान करू शकतो. दुसऱ्याचा निवाडा करायचा, तर तिची वंशावळ पाहावी लागते. आणि ती वंशावळ मोठी गमतीची आहे.

ज्या पातीच्या कंपनातून पेटी बोलते, तशी मोकळी हलणारी पाती हे पूर्वेचे लेणे आहे. चीनमध्ये ‘शंग’ नावाचे एक तोंडाने वाजवायचे वाद्य फार प्राचीन काळापासून आहे. एका लहानशा हवापात्रात बांबूच्या नळ्या उभ्या रोवलेल्या, प्रत्येक नळीच्या बुडाशी एक पाती. मिटलेल्या पंखांच्या पक्ष्यासारखा त्याचा आकार. श्वास आत घेतला तरी ते वाजते, बाहेर सोडला तरी वाजते. ख्रिस्तपूर्व ४३३ च्या सुमारास मरण पावलेल्या झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर हूबेई प्रांतात १९७८ मध्ये उत्खननातून उजेडात आली, तेव्हा प्रचंड घंटांच्या सुप्रसिद्ध संचाबरोबर शंगचे अवशेषही मिळाले. अठराव्या शतकात पेकिंगच्या दरबारी राहिलेल्या आमियो या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने ही वाद्ये पॅरिसला पाठवली. त्याच सुमारास, १७८० मध्ये, कोपनहेगनच्या क्रात्सेनश्टाइन या प्राध्यापकाने मानवी स्वरोच्चार यंत्राने काढून दाखवण्याबद्दल सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचे पारितोषिक मिळवले. त्याच्या यंत्रात अशीच मोकळी पाती होती. पुढे १८१० मध्ये ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने या पातींवर चालणारा भावदर्शी ऑर्गन बनवला, आणि १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने आपल्या वाद्याला हार्मोनियम हे नाव देऊन त्या नावाचे हक्क नोंदवले.

युरोपात या वाद्याला फार मोठा मान लाभला नाही. खेड्यातील ज्या देवळांना मोठा ऑर्गन परवडत नसे, त्यांची ती सोय होती. पण थोरांनी त्याला अव्हेरलेही नाही. रोसिनीने वृद्धापकाळी रचलेली प्रार्थना १८६४ मध्ये पॅरिसमधील एका घरी प्रथम गायिली गेली, तेव्हा साथीला पियानोबरोबर हार्मोनियम होती. द्वोर्जाकने १८७८ मध्ये दोन व्हायोलिन, चेलो आणि हार्मोनियम यांच्यासाठी पाच छोट्या रचना केल्या. त्या अजूनही आवडीने वाजवल्या जातात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र पश्चिमेतील बहुतेक हार्मोनियम अडगळीत गेल्या होत्या.

पूर्वेकडे परतलेल्या या पातीचे एका देशात जे झाले, ते येथे सांगण्याजोगे आहे. जपानच्या राजदरबारी संगीतात शंगचाच भाऊबंद ‘शो’ हजार वर्षांहून अधिक काळ वाजत आला आहे. थंडीत पातीवर दव धरू नये म्हणून वादक तो निखाऱ्यांच्या शेगडीवर शेकून घेतात. त्याच जपानात १८८७ मध्ये हमामात्सू गावच्या प्राथमिक शाळेतली पायपेटी बिघडली. परदेशातून आणलेले ते महागडे वाद्य दुरुस्त करायला तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराला बोलावले. तो वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा. त्याने पेटी दुरुस्त केली, तिचे नकाशे काढले आणि कावाई नावाच्या साथीदाराबरोबर स्वतः एक नवी पेटी घडवली. मग दोघांनी ती खांद्यावरच्या दांड्याला बांधून, हाकोनेचा डोंगर चढून उतरून, टोकियोच्या संगीतसंस्थेपर्यंत वाहून नेली. तेथील जाणकारांनी निर्णय दिला, घडण चांगली आहे, सूर चुकीचे आहेत. यामाहा तेथेच राहिला, सुमारे महिनाभर स्वरशास्त्र शिकला, आणि परत जाऊन दुसरी पेटी घडवली. ती मान्य झाली. टोकियोतला दोष असा की, स्वर पाश्चात्त्य सप्तकाशी पुरेसे जुळत नव्हते. दिल्लीतला दोष असा की, ते फारच जुळत होते. पाती तीच, अपराध मात्र अगदी उलटे.

भारतात हे वाद्य मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून आले. दबँची पेटी पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवायची होती. आपले गाणे जमिनीवर मांडी घालून बसणारे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये द्वारकिन या नावाने पेढी काढली आणि पाठीमागे हाताने हलवायचा भाता असलेली बसकी पेटी प्रचारात आणली. हा बदल घडवण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. बदल दिसायला लहान, पण त्याचा परिणाम मूलगामी होता. डावा हात भात्यावर गेल्यामुळे वाजवायला उरला एकच हात. एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ घालणे म्हणजे हार्मनी, आणि त्यावरून तर या वाद्याचे नाव पडलेले. तो मेळ भारतात आल्याबरोबर गळून पडला आणि एकापाठोपाठ एक स्वर गुंफीत जाणारी आपली चाल तेवढी उरली. नाव साहेबाचे राहिले, चालरीत येथली झाली. मराठी माणसाने तर नावही ठेवले नाही. ‘बाजाची पेटी’ म्हटले, मग नुसतेच ‘पेटी’. कोणा संस्कृतप्रेमी मनाने ‘संवादिनी’ हा सुंदर शब्दही बहाल केला, पण तो निमंत्रणपत्रिकांपुरताच राहिला.

महाराष्ट्रात तिला घर मिळाले ते रंगभूमीवर. संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा, नटाला रात्रभर आधार द्यायचा, हे काम पायपेटीने आणि ऑर्गनने केले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीला बसून पेटीला मैफलीतली प्रतिष्ठा दिली, आणि १९११ मध्ये ‘मानापमान’च्या चाली बांधून रंगभूमीचा कानच बदलून टाकला. बालगंधर्वांच्या कंपनीत हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी शेजारी शेजारी नांदत होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. जेथे दोन्ही वाद्ये एकाच पदाला साथ करीत, तेथे कोणाचा कान विटल्याचे ऐकिवात नाही.

पेटीच्या दोषांची जाणीव तिच्या चाहत्यांनाच अधिक होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून, त्यांच्या कंठातून निघालेला प्रत्येक स्वर तारेवर मोजायचा, असा त्यांचा उद्योग. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी सेवेतील इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांच्या खटपटीतून लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्यात श्रुती-हार्मोनियम तयार झाली. नेहमीच्या बारा स्वरांखेरीज अधिक सूर असलेली. १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे वाजवून दाखवली गेली. विद्वानांचे समाधान झाले नाही. भातखंड्यांना तर श्रुतींचे असे गणिती मोजमापच मान्य नव्हते. गणिताने दिलेला स्वर आणि गवयाने त्या क्षणी लावलेला स्वर यांत अंतर राहायचेच, कारण गवई तोच स्वर प्रत्येक रागात, किंबहुना आरोहात आणि अवरोहातही, सारखा लावीत नाही. देवलांचे वाद्य वस्तुसंग्रहालयाच्या वाटेला लागले. पण त्यांची तळमळ पुसली गेली नाही. जवळजवळ शतकानंतर ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, ही त्याच हट्टाची पुढची पिढी.

बंदीचा खरा भार मात्र या पंडितांवर पडला नाही. तो पडला साथीदारांवर. त्या काळी रेडिओ म्हणजे नुसती करमणूक नव्हती. संस्थाने खालसा झाल्यावर कलावंताला मिळणारा तोच एक राजाश्रय होता. तेथे प्रवेश नाही म्हणजे मानधन नाही, दर्जा नाही, गावोगावी पोचणारे नावही नाही. गायक केंद्रावर जात आणि ज्याच्यासोबत वर्षानुवर्षे रियाज केला तो पेटीवाला घरी राही. तंबोरा आणि सारंगीवर निघालेले ते ध्वनिमुद्रण पुढे आदर्श म्हणून जपले गेले, आणि ते सुंदर आहे हेही कबूल केले पाहिजे. सारंगीयांना यातून काही काळ आधार लाभला. पण तवायफांच्या कोठ्यांशी जडलेला बट्टा त्यांच्या कपाळीचा पुसला गेला नाही. रेडिओने सारंगीला जागा दिली, समाजाने सारंगीयाला दिली नाही. लाहोर आणि दिल्लीच्या केंद्रांवर साथ केलेल्या रामनारायणांनीही अखेर साथ सोडून एकल वादनाची वाट धरली. पेटी बाहेर ठेवल्याने सारंगी वाचेल, हा हिशेब कागदावरच राहिला. घरोघरी मुले शिकत होती ती पेटीच.

१९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्माने पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवर आखडता हात दाखवला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ही कथा सर्वश्रुत आहे. पेटीवरची बंदीही त्यांच्या कारकिर्दीत तशीच राहिली. मौज अशी की, याच काळात, १९५५ मध्ये, पु. ल. देशपांडे आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले. त्यांच्या बोटांना पेटीचे वेड लहानपणापासूनचे. मोठ्या गवयांच्या साथीला बसण्याची त्यांची हौस मित्रमंडळींत प्रसिद्ध होती. ज्या घरात पेटीला मज्जाव, त्या घरात पेटीवाला अधिकारी म्हणून बसला होता.

१९७१ मध्ये बंदी अंशतः उठली. वरच्या श्रेणीच्या कलावंतांना साथीसाठी पेटी घेण्याची मुभा मिळाली. एकल वादनाचे दार मात्र तेव्हाही उघडले नाही. भीमसेन जोशींच्या मागे बसलेले अप्पा जळगावकर, गोव्याच्या बोरी गावातून आलेले तुळशीदास बोरकर, नाट्यसंगीताचे जिवंत भांडार असलेले गोविंदराव पटवर्धन, यांचे वादन ज्यांनी ऐकले आहे त्यांना या वाद्याची मर्यादा हीच त्यांच्या कलेची जागा होती, हे सांगावे लागत नाही. पेटीतून मींड निघत नाही. मग गायक मींड घेतो तेव्हा बोट उचलायचे. तो जेथे पोचणार तेथे आधी जाऊन थांबायचे. भाता इतका हलका ठेवायचा की सूर आहे की नाही असा भास व्हावा. कणस्वराने नुसती दिशा दाखवायची. जी श्रुती पट्टीवर नाही, ती गायकाच्या गळ्यातच राहू द्यायची. पेटीवाल्याची अर्धी विद्या न वाजवण्याची असते. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी दहा वर्षे दिल्लीच्या महमूद धौलपुरींना ती मिळाली होती.

वाद तरीही मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असेही कोणाला वाटू शकेल. २०२२ मध्ये अमृतसरच्या अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातील कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने दूर करून रबाब, सारंदा यांसारखी तंतुवाद्ये परत आणण्यास सांगितले. कारण जवळपास तेच दिले गेले: हे इंग्रजांच्या काळात आलेले वाद्य, आपल्या परंपरेतले नव्हे. तंतुवाद्ये परत यावीत ही इच्छा रास्तच. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या रागींची बोटे पेटीवरच वळली, त्यांनी उतारवयात सारंद्यावर गज कसा धरावा, हा प्रश्न १९४० च्या फर्मानाइतकाच कोरडा आहे. सीमेपलीकडे नुसरत फतेह अली खाँसाहेबांच्या कव्वालीत पेटी वाजत होती तेव्हा ती कोठली, हे कोणी विचारले नाही.

पेटी बनवणाऱ्यांच्या बोलीत पितळी पातीला ‘सूर’च म्हणतात. सूर चढवायचा तर पातीचे टोक घासायचे, उतरवायचा तर बुडाशी घासायचे. जुन्या पेट्यांत जर्मनीचे आणि पॅरिसचे सूर असत. पुढे गुजरातेतील पालीताण्याचे सूर आले. चांगला कारागीर आजही तानपुरा छेडून, एकेक पाती कानाशी धरून घासतो, आणि गायकाने सांगितले तर त्याचा गंधार मुद्दाम थोडा उतरवून देतो. अशी पेटी त्याच एका षड्जाला चालते. पट्टी बदलली की तिची सारी गोडी नाहीशी होते.

आता बहुतेक शिष्यांच्या हाती लाकडी तंबोऱ्याऐवजी वीतभर विजेरी तंबोरा असतो, नाहीतर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचा. त्यावर स्वरांची नावे इंग्रजीत लिहिलेली असतात. बुवा आसनावर बसतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, ‘काळी एक लाव.’ शिष्य न गोंधळता सी शार्पवर बोट ठेवतो.